मनगटाचे हाड मोडल्यावर

‘मनगट मोडले’ असे म्हटले जाते तेव्हा बहुतेक वेळा मोडलेले असते ते कोपरापासून खाली येणाऱ्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड, म्हणजे रेडियस. आणि तेही सांध्यालगतच्या शेवटच्या दोन-अडीच सेंटिमीटरमध्ये. इथे हाड रुंदावते, बाहेरचे कठीण कवच पातळ होते आणि आत जाळीदार, स्पंजासारखा भाग वाढतो. तळहातावर आलेल्या भाराचा सुमारे ८० टक्के वाटा रेडियसवर पडतो, उरलेला करंगळीच्या बाजूच्या अल्नावर. तोल गेला की माणूस नकळत हात पुढे टेकतो आणि अंगाचे सगळे वजन नेमके या पट्ट्यावर येते.

पडणाऱ्यांचे ढोबळ दोन गट दिसतात. तरुण वयात हे हाड मोडायला बराच जोर लागतो: घसरलेली दुचाकी, निसटलेली शिडी, मैदानावरची धडक. अशा वेळी सांध्याच्या पृष्ठभागालाच चिरा जातात, तुकडे होतात. पन्नाशी ओलांडलेल्या, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांना मोरीतली ओली फरशी किंवा पावसाळ्यातले शेवाळलेले अंगणही पुरते. एक्स-रे सारखा दिसला तरी या दुसऱ्या गटात एका हाताबरोबर सगळ्या सांगाड्याचा विचार करावा लागतो. तो पुढे येईल.

डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये या अस्थिभंगाचे वर्णन केले. एक्स-रेचा शोध १८९५ चा, म्हणजे हे वर्णन निव्वळ नजरेने आणि बोटांनी चाचपून केलेले होते. तोवर ही दुखापत मनगट निखळल्याची समजली जाई. तुटलेले टोक हाताच्या पाठीकडे सरकते आणि बाजूने पाहिल्यावर हात जेवणाच्या काट्यासारखा बाकदार दिसतो. या प्रकाराला आजही ‘कॉलिस फ्रॅक्चर’ म्हणतात. टोक उलट, तळहाताकडे सरकले तर ते ‘स्मिथ फ्रॅक्चर’. हा प्रकार कमी आढळतो, पण प्लास्टरमध्ये टिकवायला अवघड असतो. वाकडेपणा राहिला तरी कालांतराने हात कामाला येतो आणि दुखायचाही थांबतो, असे कॉलिस यांनी नोंदवून ठेवले होते. दोनशे वर्षांनंतरही हे म्हणणे वयस्कर रुग्णांपुरते बरेचसे खरे आहे. तरुणांच्या बाबतीत ते तसेच लागू करता येत नाही.

पहिले काही तास

पडल्याबरोबर करायची पहिली गोष्ट म्हणजे त्या हातातल्या अंगठ्या, बांगड्या, पाटल्या, घड्याळ आणि मनगटाला बांधलेले दोरे काढणे. सूज तासाभरात चढते आणि मग हेच दागिने फास बनतात. साबणाचे पाणी किंवा तेल लावून अंगठी निघते. न निघाल्यास ती कापून घ्यावी. सोन्याची पाटली कापायला मन धजत नाही, पण सोनार ती पुन्हा जोडून देतो. रक्तपुरवठा तुटून काळे पडलेले बोट परत मिळत नाही.

हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत आधार द्यावा. घडी घातलेले वर्तमानपत्र किंवा जाड मासिक कोपराच्या खालपासून पंजापर्यंत लावून ओढणीने सैलसर बांधले आणि हात गळ्यातल्या झोळीत ठेवला तर दवाखान्यापर्यंतचा प्रवास सुसह्य होतो. वाकडा हात घरी ओढून सरळ करू नये. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, थेट कातडीवर नको. जखमेतून रक्त येत असेल किंवा हाड दिसत असेल, बोटे पांढरी अथवा निळसर पडली असतील, अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येत असतील, तर ‘सकाळी बघू’ म्हणण्याची ती वेळ नव्हे. उघड्या अस्थिभंगात धनुर्वाताची लस आणि अँटिबायोटिक जितके लवकर मिळेल तितके बरे.

हाडवैद्याकडे जाण्याची रीत अजून टिकून आहे आणि तिची कारणेही समजण्यासारखी आहेत: तो जवळ असतो, खर्च कमी असतो, शस्त्रक्रियेचे नाव निघत नाही. न सरकलेले हाड त्याच्या हाताखालीही जुळते, कारण ते कुणाच्याही हाताखाली जुळणारच असते. धोका असतो तो बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलेल्या पट्टीत. सुजणाऱ्या हाताला आत जागा उरत नाही, स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत कायमची इजा होते. ताज्या अस्थिभंगावर मालिश केल्यास सरकू पाहणारे हाड आणखी सरकते.

‘नुसते मुरगळले असेल, बोटे हलतात ना!’ हा सर्वात महागात पडणारा समज. हाड मोडूनही बोटे हलतात. मनगट सुजले असेल आणि हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढावेतच.

एक्स-रे स्वच्छ असूनही एक शंका ठेवावी लागते. अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी दोन कंडरांमध्ये एक खळगा दिसतो. तपकीर ओढणारे चिमूटभर तपकीर तिथे ठेवीत. या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी स्कॅफॉइड मोडल्याचा संशय घेतात. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. म्हणून आधाराची पट्टी लावून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा लगेच एमआरआय करतात. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते, त्यामुळे मोडल्यावर मागचा तुकडा उपाशी पडू शकतो. ते जुळायला आठ ते बारा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. दुर्लक्ष झाल्यास ते न जुळताच राहते आणि काही वर्षांनी मनगट झिजते.

प्लास्टर की शस्त्रक्रिया

रेडियसचा सांध्याकडचा पृष्ठभाग निरोगी हातात तळहाताकडे साधारण ११ अंशांनी झुकलेला असतो आणि अंगठ्याच्या बाजूचे टोक करंगळीच्या बाजूपेक्षा ११-१२ मिलिमीटर पुढे असते. मोडल्यावर यात किती बदल झाला, त्यावर उपचार ठरतो. पृष्ठभाग मागे १० अंशांपेक्षा जास्त कलला असेल, हाड ३ मिलिमीटरपेक्षा अधिक आखूड झाले असेल किंवा सांध्याच्या आत २ मिलिमीटरची पायरी पडली असेल, तर कामकरी वयाच्या माणसात ते तसेच सोडणे सहसा पसंत केले जात नाही. ही आकडेवारी दिशादर्शक आहे. सुतारकाम करणाऱ्याचा उजवा हात आणि ऐंशीच्या आजींचा डावा हात यांना एकच माप लावून चालत नाही. म्हणून हात कोणता, काम कोणते, मधुमेह किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

हाड सरकलेले नसेल तर प्लास्टर पुरेसे असते. सरकले असेल तर तुटलेल्या जागी भूल देणारे इंजेक्शन देऊन, किंवा सगळा हात बधिर करून, डॉक्टर हात ओढून हाड जागेवर बसवतात. आधी अर्धे, म्हणजे बोलीभाषेतले ‘कच्चे’ प्लास्टर घालतात, कारण सुजेला पसरायला वाव हवा. सूज उतरल्यावर पक्के किंवा फायबरचे प्लास्टर येते. फायबरचे हलके असते आणि पाण्यात काहीसे टिकते, पण आतला कापूस भिजतोच. हाड जुळण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखीच.

बसवलेले हाड पुन्हा सरकू शकते आणि ते सहसा पहिल्या दोन आठवड्यांत सरकते. म्हणून या काळात आठवड्याला एक एक्स-रे सांगतात. दुखणे कमी झाले म्हणून तो टाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आले तर दुरुस्ती सोपी असते. तीन आठवड्यांनंतर नवे हाड धरू लागते आणि तेच काम मोठ्या शस्त्रक्रियेचे होते.

शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात कातडीतून बारीक तारा घालून हाड धरून ठेवतात. वर प्लास्टर असतेच आणि तारा चार ते सहा आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागात काढतात. दुसऱ्यात मनगटाच्या आतल्या बाजूने छेद घेऊन टायटॅनियम किंवा स्टीलची प्लेट स्क्रूने बसवतात. प्लेटचा मोठा फायदा म्हणजे मनगट आठवड्या-दोन आठवड्यांत हलवता येते. फार चुरा झालेल्या किंवा उघड्या अस्थिभंगात हाताबाहेर सांगाडा लावतात, त्याला एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात.

प्लेट आधुनिक आणि महाग, म्हणून ती सर्वांत चांगली, असा हिशेब इथे लागू पडत नाही. हाताने ओढून बसवता येणाऱ्या अस्थिभंगात तारा आणि प्लेट यांची तुलना ब्रिटनमध्ये झाली, तेव्हा वर्षाअखेर हाताच्या कामात फरक आढळला नाही. २०२२ मध्ये तिथेच प्रसिद्ध झालेल्या ५०० रुग्णांच्या चाचणीत बसवलेल्या हाडावर नुसते प्लास्टर आणि तारा यांची तुलना झाली. वर्षानंतरचे काम दोन्हींत सारखेच होते. मात्र प्लास्टर केलेल्यांपैकी सुमारे आठातल्या एकाचे हाड सरकून पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. सांध्याच्या आत पायरी पडली असेल, किंवा ओढून हाड बसतच नसेल, तर मात्र प्लेटला पर्याय कमी. पासष्टीच्या पुढे एक्स-रेमध्ये थोडा वाकडेपणा राहूनही हात बहुधा चांगला चालतो, त्यामुळे निव्वळ चित्र सुंदर दिसावे म्हणून त्या वयात शस्त्रक्रियेची घाई करण्याचे कारण नसते.

प्लास्टरचे सहा आठवडे

हाड पाच-सहा आठवड्यांत बहुधा जुळतेच. हात किती परत येईल हे मात्र बरेचसे याच आठवड्यांत बोटे काय करतात यावर ठरते. प्लास्टर मनगट जखडण्यासाठी असते. बोटे, कोपर आणि खांदा मोकळे ठेवलेले असतात ते हलवण्यासाठी. प्रत्यक्षात रुग्ण हात झोळीत घालून छातीशी धरतो, घरचे ‘हलवू नकोस हं’ म्हणत राहतात, आणि सहाव्या आठवड्यात जुळलेल्या हाडाबरोबर आखडलेली बोटे आणि जखडलेला खांदा हाती येतो.

प्लास्टर नीट आहे का, हे पाहण्याची एक सोपी खूण आहे. तळहाताच्या बाजूला ते हस्तसामुद्रिकात जिला हृदयरेषा म्हणतात, तिच्या अलीकडे संपले पाहिजे. रेषा झाकली गेली तर बोटे मुळापासून वाकत नाहीत. तसे असल्यास ते छाटून घ्यावे. ते दवाखान्यात दोन मिनिटांचे काम आहे. त्यानंतर जागेपणी दर तासाला बोटे पूर्ण सरळ करावीत, फक्त मुळाशी वाकवून पंजा छपरासारखा करावा, मग नुसती पेरे वाकवून आकडा करावा, मग घट्ट मूठ वळावी, अंगठा एकेका बोटाला टेकवत करंगळीपर्यंत न्यावा आणि शेवटी बोटे फाकवावीत. प्रत्येक हालचाल दहा वेळा. सुरुवातीला मूठ पूर्ण वळत नाही, तेव्हा दुसऱ्या हाताने हलकेच मदत करावी. कोपर आणि खांदा दिवसातून तीन-चारदा पूर्ण फिरवावा. केस विंचरायला हात डोक्यामागे नेणे हाच चांगला व्यायाम होतो.

पहिले तीन-चार दिवस पंजा हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. झोपताना दोन उशा, बसल्यावर खुर्चीच्या पाठीवर हात. झोळीत पंजा कोपराखाली लोंबत असेल तर ती आखडून घ्यावी. बाहेर गर्दीत जाताना ती उपयोगी, घरात दिवसभर नको.

दुखण्यावर पॅरासिटामॉल बहुधा पुरते, इतर वेदनाशामके डॉक्टरांना विचारून. खाज आली की विणायची सुई किंवा पट्टी आत घालण्याचा मोह होतो. त्याने ओरखडे पडून आत पू होतो. अंघोळीला प्लास्टिकची पिशवी वरच्या बाजूला चिकटपट्टीने बंद करावी. धूम्रपान हाड जुळण्याला बाधक असते, आणि निकोटिन चुना लावून चोळलेल्या तंबाखूतून किंवा मिशरीतूनही मिळते, हे विसरले जाते. आहारात दूध, दही, नाचणी, तीळ, डाळी, अंडी, मासे असावेत. पायाचे सूप प्रेमाने पाजले जाते आणि त्यात काही वाईट नाही, पण त्याने सहा आठवड्यांचे चार होत नाहीत.

दुखणे गोळ्यांनी न थांबता वाढत जाणे, कुणी बोटे सरळ केली तरी असह्य कळ येणे, बधिरपणा, बोटे थंड किंवा निळी पडणे, यांपैकी काहीही झाले तर रात्री-अपरात्रीही दवाखाना गाठावा. प्लास्टर चिरून सैल करणे हाच तातडीचा इलाज असतो. दुर्गंधी, ताप, तारांच्या तोंडाशी पू हीसुद्धा थांबण्याची लक्षणे नव्हेत. उलट, सूज उतरल्यावर प्लास्टर आत फिरू लागले, तर ते सैल होऊन निकामी झालेले असते आणि बदलून घ्यावे लागते.

प्लास्टर निघाल्यावर

प्लास्टर कापल्यावर दिसणारा हात पाहून बरेच जण हबकतात. तो बारीक, कोरड्या खवल्यांचा, केसाळ आणि ताठ असतो. हे अपेक्षितच असते. कोमट पाण्यात हात बुडवून त्यातच मनगट वर-खाली आणि बाजूला हलवण्यापासून सुरुवात करावी. सोसेल इतक्या ताणाने आणि थोड्या थोड्या वेळाने केलेले व्यायाम चांगले. दुसऱ्याने जोर लावून मनगट वाकवणे टाळावे. गुंतागुंत नसलेल्या रुग्णाला फिजिओथेरपिस्टने एकदा-दोनदा नीट शिकवून दिले की घरचा नियमित व्यायामही पुरतो. बोटे आखडलेली असतील तर मात्र फिजिओथेरपिस्टकडे रोज गेलेले बरे.

दोन्ही तळवे जुळवून नमस्कार करावा आणि हात हळूहळू पोटाकडे खाली न्यावेत. मनगट मागे वाकू लागते. हाताच्या पाठी एकमेकींना लावून उलटा नमस्कार केला की ते पुढे वाकते. लाटणे एका टोकाला धरून, कोपर बरगडीला टेकवून, ते आत आणि बाहेर कलते करावे; त्याने हात उताणा-पालथा होण्याची ताकद परतते. पंजा उताणा करणे ही बहुधा सर्वांत उशिरा येणारी हालचाल. प्रसाद घ्यायला तळहात पूर्ण वर होत नाही, हातावर घेतलेले पाणी सांडते, घास तोंडाशी नेताना खांदा उचलावा लागतो, अशा तक्रारी त्यातूनच येतात. पकडीसाठी कणकेचा गोळा दाबणे स्पंजच्या चेंडूपेक्षा कमी नाही.

चहाचा कप, लेखणी, जेवण ही कामे लगेच सुरू करावीत. कणीक मळणे, पोळ्या लाटणे, ओले कपडे पिळणे यांना आठवडे लागतात. पाण्याने भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर आणि जमिनीवरून हाताच्या जोरावर उठणे साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत लांबवावे. दुचाकी चालवायची तर क्लच आणि ब्रेक न दुखता पूर्ण आवळता आला पाहिजे आणि अचानक हँडल सावरता आले पाहिजे. प्लास्टरमध्ये असताना हा प्रश्नच नको. टेबलावरचे काम असलेले लोक काही दिवसांत कामावर जातात. हमाली, शेती, बांधकाम करणाऱ्यांना तीन महिने लागू शकतात. ताकद वर्षभर सुधारत राहते. करंगळीच्या बाजूचे दुखणे बराच काळ रेंगाळते.

डॉक्टरांना दाखवून घ्यावे अशी काही चिन्हे आहेत. टेबलावर तळहात पालथा ठेवून अंगठा वर उचलता येत नसेल, तर अंगठ्याची कंडरा तुटलेली असू शकते. गंमत अशी, की हे जरासुद्धा न सरकलेल्या अस्थिभंगानंतरही काही आठवड्यांनी घडते. आदल्या दिवसापर्यंत ठीक असलेला अंगठा एकाएकी पडतो. त्यावर शस्त्रक्रियेने दुसरी कंडरा जोडता येते. प्लेट असलेल्या हातात महिन्यांनंतरही मनगटाच्या आतल्या बाजूला करकर किंवा बोट वाकवताना कळ जाणवली, तर प्लेट कंडरेला घासत असल्याचा संशय घ्यावा. असा त्रास नसेल तर प्लेट काढण्याची गरज नसते. सर्वांत चिवट प्रकार म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. त्यात इजेच्या मानाने वेदना फारच जास्त असतात, नुसता कपडा लागला तरी आग होते, हात सुजतो, चकाकतो, कधी गरम लाल तर कधी थंड निळा पडतो, घामाने ओला राहतो. ‘नाटक करते’ म्हणून असा रुग्ण घरात एकटा पडतो. उपचार पहिल्या आठवड्यांत सुरू झाले तर आजार आवाक्यात राहतो.

पुढच्या पडण्याआधी

पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडले, तर हाडे ठिसूळ झाल्याची ती पहिली सूचना असू शकते. अशा व्यक्तीचे पुढे खुब्याचे किंवा मणक्याचे हाड मोडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तरीही हात बरा झाला की प्रकरण मिटले असे समजून पुढची तपासणी राहून जाते. कंबर आणि खुब्याची डेक्सा तपासणी काही मिनिटांत, न दुखता होते. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता उन्हाच्या या देशातही सर्रास आढळते, म्हणून तीही पाहिली जाते. निदान झाल्यास नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागत नाही. हाडांची झीज रोखणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने काही वर्षे घ्यावी लागतात. त्यांपैकी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नसते. चहाबरोबर घेतली तर ती वाया जाते.

घरातली पडण्याची ठिकाणे बहुधा ठरलेली असतात: मोरीचा उंबरठा, सरकणारे पायपुसणे, जिन्याची शेवटची पायरी, रात्री संडासाकडे जातानाचा अंधार. झिजलेली रबरी चप्पल आणि वर्षानुवर्षे न बदललेला चष्मा त्यात भर घालतो. न्हाणीघरात खरखरीत फरशी किंवा रबरी चटई घालावी आणि भिंतीत स्टीलची आधाराची दांडी पक्की बसवून घ्यावी. टॉवेलच्या दांडीवर विसंबू नये. ती टॉवेलाच्या वजनासाठी असते आणि माणूस लोंबकळला की स्क्रूसकट निखळते.